बिनरेघेचं नाव

१८ ऑगस्ट, रविवार. गिरड

आज सात हात झाले. एक मान. एका पोराच्या पाठीवर वाघ काढायचा होता, त्याचा मित्र म्हणाला मांजर दिसून राह्यली, म्हणून अर्ध्यावर उठला. मिशा राहिल्यात त्याच्या पाठीवर. नुसत्या मिशा.

टेकडीच्या पायथ्याशी छत्री, प्लास्टिकची खुर्ची, बॅटरी आणि माझी मशीन. पाटीवर लिहिलंय — टॅटू, गोंदण, नाव लिहून मिळेल. रविवारी दर्ग्याला गर्दी असते. खाली उतरताना लोक दुकानं बघत येतात, त्यात मी.

सातपैकी सहा जणांनी चेटकिणीची अक्षरं घेतली. हा तक्ता मला नागपूरला एका सायबर कॅफेत सापडला होता. खाली लिहिलेलं की परदेशात जादूटोणा करणारे लोक आपल्या वह्या या अक्षरांत लिहायचे, म्हणजे दुसऱ्याला वाचता येऊ नये. आकडे, वाकडे कोंब, उलटे विळे — अशी दिसतात. ती इंग्रजीची होती, मी त्यांना मराठी बसवलं. क ला एक, ख ला एक. काने-मात्रे माझे मीच काढले. लॅमिनेशन केलं. तेव्हापासून धंदा बरा आहे. बदाम, मोरपीस, महादेव सगळे मागे पडले.

पोरं विचारतात, भाऊ, याच्यानं करणी तं नाई ना होत? मी म्हणतो, झाली तर पैसे परत.

शेवटचा रुपेश म्हणून एक होता. आंजीच्या पुढचा कुठला तरी. माझ्याएवढाच असेल, तेवीस-चोवीस. नुसतं नाव नको म्हणाला, पूर्ण पाहिजे. कोपरापासून मनगटापर्यंत — रुपेश तानबा सातपुते. "बापाचं नाव मधातच पाह्यजे. बाप गेला माहा." दोन तास लागले. एकदाही हात हलवला नाही त्याने.

जाताना म्हणाला, "आमच्या गावाले ये ना बे. चार-पाच पोट्टे आहेत टॅटूवाले. जेवाले माही माय देईन."

मला काय. हिंगणघाटला घरी जायचं नाही. आयटीआय सोडल्यापासून बाबा मला 'हा' म्हणतात. 'हा' आला का, 'हा' जेवला का.

२१ ऑगस्ट

रुपेशच्या घरी. भाज्यांचं घर आहे. वांगी, दोडके, चवळी, आणि मागच्या कुंपणावर कोहळ्याचे वेल. माझी खाट भाजीच्या कॅरेटच्या खोलीत. रात्रभर कोथिंबिरीचा वास.

इथे विहिरीवर एक खंड्या येतो. सकाळी तासभर त्याच्याकडेच बघत होतो. मशीन साफ करायची राहिली.

रुपेशची आई पंचफुलाकाकू. बारीक, काळ्या, हातभर हिरवं गोंदण — टिंबं, तुळस, सीतेची रसोई. कोण्या गोंदणारणीने लहानपणी काढलेलं. त्यावर माझा काय जीव जडला! सुयांनी केलेलं काम, एक टिंबही हललेलं नाही.

काकूंनी रुपेशचा हात उलटा-सुलटा करून पाह्यला.

"काय लिवलं हे?"

"नाव आहे माय माहं. पुरं."

"मंग याले वरची रेघ नाई ते?"

"ते वेगळे अक्षर आहेत. कोणालेच वाचता येत नाई."

"तुले येते?"

"मले काऊन आलं पाह्यजे? माहं नाव मले माहीत नाई का?"

तो हसला. काकू नाही हसल्या. शाळेत गेल्या नाहीत कधी, पण रेघ बरोबर धरली त्यांनी. एसटीच्या पाटीवर, रेशन दुकानावर, सगळीकडे अक्षरं रेघेला लटकलेली असतात. माझी नाहीत.

२४ ऑगस्ट

आज टेम्पोवाल्या नानाजींनी मला बाजूला घेतलं. नानाजी म्हणजे रुपेशच्या वडिलांचे मित्र. गावची भाजी टेम्पोत भरून दर शुक्रवारी देवळीच्या बाजारात नेतात, तिथे स्वतः बसून विकतात.

झालं असं की जेवताना मी भिंतीवरचा एक फोटो पाहून विचारलं, ही कोण. फोटोत रुपेश, काकू, वडील. आणि चौथ्या माणसाच्या जागी कापलेला कागद. नुसता एक हात उरलेला, काकूंच्या खांद्यावर. पोरीचा. रुपेश ताटावरून उठून गेला.

नानाजी म्हणाले, "ते नाव या घरी घेजो नको. पोट्टी होती. सरिता. तीन वर्षं झाली. अश्वजित म्हणून पोरगा होता, दवाखान्यात नोकरीले. त्याच्यासंगं लगन केलं कोर्टात. इकडं बापानं हाय खाल्ली, चार महिन्यांत गेला. रुपेशनं बापाच्या राखेवर हात ठेवून म्हटलं, दिसली तं दोघाइले खांडून टाकीन."

"रागाच्या भरात बोलतात माणसं."

"तू त्याले गोंदलं ना? हालला का तो?"

नाही. हलला नव्हता.

"पुण्याले जाऊन आला तो पत्ता काढत. नागपूर धुंडलं. कोयता डिक्कीत राह्यते त्याच्या. मायचा फोन काढून घेतला, पोट्टी लावीन म्हणून."

मी उद्या निघतो इथून.

२५ ऑगस्ट

नाही निघालो. खंड्याचं बीळ सापडलं, विहिरीच्या आत, पश्चिमेच्या बाजूला.

२८ ऑगस्ट

रुपेश फवारणीला गेला होता. मी खाटेवर. काकू आल्या, दार लोटून घेतलं, कॅरेटवर बसल्या आणि बांगड्या वर सरकवल्या.

"इथं लिवून दे."

डाव्या हाताच्या आतल्या अंगाला, सीतेच्या रसोईच्या आणि तुळशीच्या मधे बोटभर जागा होती. मी काय लिहू विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मी मशीनला सुई लावली. मग त्या एकदम हळू म्हणाल्या, "सरिता."

तीन वर्षांत तोंडाने घेतलं नसेल. आवाज गंजलेला निघाला.

"रुपेशच्या हातावर हाये तेच अक्षर पाह्यजे. कोणाले वाचता नाई येत ते."

"काकू, त्याने पाहिलं तर?"

"त्याले वाचता येते?"

मी विचार केला. त्याला फक्त एवढं माहीत आहे की हातावर आपलं नाव आहे. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे मी त्याला सांगितलंच नाही. तक्ता माझ्याकडे. नवीन अक्षरं बसवायची म्हणजे पुन्हा सगळी वही काढा, काने-मात्रे जुळवा — दोन दिवसांचं काम. "नाही येत," म्हटलं.

"मंग काढ. माह्या हाताकडे कोण पाह्यते. म्हातारीचं गोंदण."

काळ्या शाईत थोडं पाणी टाकलं, हिरवट काढली, जुन्यात मिसळावी म्हणून. वीस मिनिटं. मशीन चालू असताना त्या खिडकीकडे बघत होत्या. झाल्यावर हळद लावली, बांगड्या खाली.

पैसे देत होत्या. मी नाही घेतले. मग रात्री ताटात दोन भाकरी जास्त आल्या.

३० ऑगस्ट

चेटकिणी असं काय लिहायच्या की दुसऱ्याने वाचलं तर भीती वाटावी? मी समजत होतो मंत्र असतील. गिरडला एकदा एक फुटका ताईत सापडला होता, उघडून पाहिला तर आत नुसते चौकोन आणि चौकोनांत आकडे. कोणीतरी फार जीव लावून काढलेले. आता वाटतं, त्यांच्या वह्यांत पण असंच काही असेल. पोरींची नावं.

४ सप्टेंबर

काकूंना लिहिता येतं आता!

चुलीसमोर राख पसरतात, हातावर बघतात, बोटाने काढतात. रुपेशच्या मोटारसायकलचा आवाज आला की तळव्याने पुसतात. आठ दिवसांत हाताकडे न बघता काढायला लागल्या. मी शाळेत इतका मन लावून कधी बसलो नाही.

आज त्यांनी नाव काढलं आणि वरून एक रेघ ओढली.

मी म्हटलं, काकू, याला रेघ नसते.

"राहू दे. उघड्या डोक्याचं नाव बरं नाई दिसत. पदर पाह्यजे पोरीच्या डोक्यावर."

१३ सप्टेंबर, शुक्रवार

चार दिवस हिंडून आलो. सेवाग्रामपर्यंत पायी, तिथून एका ट्रॅक्टरवर, पुढे कुठे ते नीट आठवतही नाही. एका बाईने चहा पाजला, तिच्या बकरीच्या कानावर खूण गोंदून दिली. परत आलो तर काकूंनी मला हाताला धरून मागच्या कुंपणाशी नेलं.

वेलावर एक कोवळं कोहळं. नारळाएवढं. त्याच्यावर बाभळीच्या काट्याने ओरखडलेलं — पाच खुणा आणि वर रेघ. चीक वाळून पांढरा झाला होता.

"अजून वाढीन हे," काकू म्हणाल्या. "त्याच्यासंगं नाव बी वाढीन."

मी विचारलं, हे कोणासाठी.

तेव्हा सांगितलं. आजूबाजूला बघून, कानाजवळ येऊन. सरिता पुण्यात नाही, नागपुरात नाही. देवळीत आहे. बाजारामागच्या गल्लीत, भाड्याच्या खोलीत. नानाजींना एकदा भाजी घेताना दिसली, तोंडाला स्कार्फ होता, पण आवाजावरून ओळखली. तेव्हापासून काकू दर शुक्रवारी नानाजींच्या टेम्पोत तिच्यासाठी काही ना काही पाठवतात. रुपेश देवळीला कधी जात नाही, त्याचा बाजार वर्धा. तो पुणे धुंडून आला आणि बहीण पस्तीस किलोमीटरवर दोडके निवडून राह्यली.

"भाजी तं सगळेच पाठवते," काकू म्हणाल्या. "चिठ्ठी कोण पाठवीन?"

ऐकायला नको होतं मला. एवढं ओझं घेऊन मी कुठे हिंडू? मला बस चुकवायची सवय, चपला विसरायची सवय.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

नानाजींसोबत देवळीला गेलो. काकूंनीच पाठवलं. कोहळं आता घागरीएवढं झालंय, आणि नाव — काय सांगू — ओरखडे भरून वर आलेत, तपकिरी, खरखरीत, बोटाला लागतात. आंधळ्यालाही वाचता येईल. म्हणजे, ज्याला येतं त्याला.

अकराच्या सुमारास एक बाई आली. निळा स्कार्फ, पोट पुढे आलेलं. सातवा महिना. नानाजींनी काही न बोलता कोहळं पुढे सरकवलं.

"काका, एवढं मोठं? आम्ही दोघंच तं आहोत."

नानाजी म्हणाले, "याले विचार. हा वाचून दाखवते."

मी खाली बसून तिचं बोट धरलं — न विचारता धरलं, नंतर लाजलो — आणि एकेका खुणेवरून फिरवलं. हा स. हा र. ही वेलांटी. हा त, हा काना.

तिने पाचही खुणांवरून परत एकदा स्वतःच बोट फिरवलं. मग म्हणाली, "कोणी लिवलं?"

"काकूंनी."

"आईले कुठं लिवता येते! आई तं अंगठा देते." मग रेघेवर बोट थांबलं. "ही काऊन?"

"पदर आहे म्हणाल्या. तुमच्या डोक्यावर."

ती हसली. हसता हसता स्कार्फ नाकावर ओढून घेतला आणि तशीच बसली, कोहळं मांडीत घेऊन. मागचं गिऱ्हाईक ओरडलं, बाई घ्याचं तं घ्या, नाई तं सरका.

जाताना म्हणाली, "आईले सांगजो, बाळंतपणाले डिसेंबर आहे. आन रुपेशदादा..." कोहळं सावरून धरलं. "तो जेवते ना बरोबर?"

२९ सप्टेंबर

काहीतरी बिघडलंय.

शेजारच्या कुसुमबाईंकडे कोहळ्याचा एक वेल कुंपणावरून उतरलाय. त्याला एक कोहळं धरलंय, पानाखाली. त्याच्यावर नाव. काकू म्हणतात, "माहाच वेल आहे, काटा घेतला तं हात थांबत नाई. पाचसहाइवर काढलं."

कुसुमबाईंच्या नातीला, खुशीला, तीन दिवस ताप. रात्री आकडी आली. सकाळी कुसुमबाई पाणी शेंदायला निघाल्या आणि पान सरकवलं.

त्यांची किंकाळी मी विहिरीवर ऐकली.

३० सप्टेंबर

कोहळं. दुसरं काही असतं तर एवढं झालं नसतं. दोडक्यावर लिहिलं असतं तर लोकांनी कीड म्हटलं असतं. पण कोहळं दाराला बांधतात, अवसेला कापतात, बोकडाच्या जागी देतात. आणि त्याच्यावर अंगातून उगवल्यासारखी अक्षरं.

कुसुमबाईंनी ते हाताने तोडलं नाही. काठीने ढकलत चावडीपर्यंत नेलं. आता तिथे आहे, भोवती कुंकू टाकून. पोरं लांबून दगड मारतात.

पिठाच्या गिरणीवर काकूंचं दळण घेतलं नाही. घरासमोर कोणी तरी लिंबू टाकून गेलं. दोन बाया बोलत होत्या, मी मागे आहे हे न बघता —

"नवरा खाल्ला. पोट्टी खाल्ली. आता दुसऱ्याच्या लेकराइवर आली."

"हातावरचं गोंदण पाह्य ना तिचं. आपल्या आयाबायाचं असं नव्हतं."

संध्याकाळी रुपेश एकाला मारून आला. ओठ फुटलेला. चुलीशी बसून विचारलं, "माय, ते काय काढलं तू कोहळ्यावर?"

"मी नाई काढलं. किडे खाते."

"किडे सरळ रेघ खाते का?"

काकू भाकरी उलटवत राहिल्या.

त्याने मायसाठी मार खाल्लाय. मला त्याचं वाईट वाटलं. खरंच.

१ ऑक्टोबर

दुपारी काकूंना म्हटलं, मी सांगून टाकतो, हे नाव आहे म्हणून. करणी-बिरणी काही नाही, एका पोरीचं नाव.

त्यांनी माझं मनगट धरलं. शेतातला हात, सुटत नाही.

"चेटकीण म्हणून राह्यले तं म्हणू दे. मारते तं मारू दे. तिचं नाव तुह्या तोंडातून निघालं तं पाह्य. तिच्या पोटात लेकरू आहे."

"तुम्हाला गावातून काढतील."

"काढू दे. मले कुठं जाचं आहे? पण तिले घर आहे तिथं."

मी शपथ घेतली. कशाची घ्यावी सुचलं नाही, मशीनवर हात ठेवून घेतली.

२ ऑक्टोबर

आज चावडीवर सगळे. कुसुमबाईंच्या दिराने यवतमाळकडचा कोणी जाणता मांत्रिक बोलावलाय, परवा येणार. तो 'तोंड उघडतो' म्हणे. कसं उघडतो ते कोणी सांगत नव्हतं, पण एक जण पळसाच्या ओल्या फोकांची जुडी घेऊनच आला होता.

पोलीस पाटील पुंडलिकराव ओरडत होते, "कायदा आहे आता, जादूटोण्याचा. सगळेच्या सगळे आत जासान." कोणीतरी म्हणालं, "पाटील, तुमच्या नातीले आकडी आली असती तं?" पाटील खाली बसले.

काकू मधे उभ्या. पदर डोक्यावर. डावा हात पदराखाली. त्यांच्याजवळ रुपेश, मुठी आवळून. चाळीस माणसांसमोर एकटा.

मग मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांपुढे.

म्हटलं, ती करणी नाही, माझी नक्षी आहे. टॅटूची अक्षरं. काकूंनी माझ्याकडे पाहिली, आवडली, कोहळ्यावर काढली, जशी रांगोळी काढतात. तक्ता लांबूनच दाखवला, कोणाच्या हातात दिला नाही. लॅमिनेशन केलेला तक्ता पाहून अर्ध्या लोकांचा जीव खाली बसला. मंत्राला कोण लॅमिनेशन करतं?

तरी कुसुमबाई म्हणाल्या, "मंग हे एकच एक काऊन काढलं, सगळ्या कोहळ्याइवर?"

तेव्हा मी रुपेशचा हात धरून वर केला. "हे बघा. हीच अक्षरं याच्या हातावर आहेत. याच्यावर करणी झाली का? हा मेला का?"

एक जण म्हणाला, "मेला नाई, पण अक्कल गेली." हसले सगळे. रुपेशसुद्धा. त्या हसण्यातच मोडली सभा. पुंडलिकरावांनी खुशीला आपल्या गाडीतून वर्ध्याला दवाखान्यात न्यायला सांगितलं. कोहळं पोरांनी फोडलं, आत नुसत्या बिया.

नाव नाही सांगितलं मी. एक अक्षर नाही. तरी वाचवलं! बाबांना कळवावंसं वाटलं, की 'ह्या'ने आज काय केलं.

काकूंनी मात्र एकदाच माझ्याकडे पाह्यलं. मला वाटलं होतं पाया पडतील. तसं नव्हतं ते बघणं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज निराळाच दिवस. दळण दळून आलं. खुशीचा ताप उतरला, डॉक्टर म्हणे मलेरिया. कुसुमबाईंनी कुंपणावरून वाटीभर कढी दिली, बोलल्या नाहीत पण दिली.

उद्याच्या बाजाराचा माल भरून ठेवलाय. नानाजींनी टेम्पो आणून अंगणातच लावला. काकूंनी खालच्या कॅरेटमधे, वांग्यांखाली, एक कोहळं दडवलेलं मला दिसलं. चावडीवर एवढं होऊनही. ऐकत नाही ही बाई.

संध्याकाळी रुपेश माझ्या खाटेवर येऊन बसला. खुशीत होता. ओठाची सूज उतरलीय.

"लय बोलला बे काल. मले वाटलं तू मुकाच आहे."

मग हात पुढे केला. "हे एक अक्षर पुसट झालं. बापाच्या नावातलं. कोणतं आहे हे?"

मी म्हटलं, हा त आणि हा त्याचा काना. ता. तानबातला.

"आन हे, आडनावाचं पैलं?"

"स."

"माह्या नावाचं पैलं तं र झालं मंग." बोटाने एकेकावरून फिरत होता, लेकरू पाढे म्हणतं तसा. चांगलं वाटलं मला. इतकी नावं गोंदली, पण आपल्याच हातावर काय आहे हे शिकून घेणारा हा पहिला. म्हटलं, ता जरा गडद करून देऊ का? तर म्हणाला, नको, दिसते आता.

तेवढ्यात खंड्याची पिल्लं बाहेर आली. तीन! विहिरीच्या काठावर रांगेने बसली. मी धावत गेलो, त्यालाही हाक मारली. तो टेम्पोजवळ उभा होता, कॅरेट सरकवत. मायला मदत करून राह्यला असेल.

परवा निघतो. वणीकडे जाईन. किंवा चंद्रपूर.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सहाला टेम्पो गेला. रुपेश पुढे बसला, नानाजींच्या बाजूला. वर्धा नाही, देवळी. मांडीवर कोहळं होतं. नानाजी माझ्याकडे बघत होते, मी हात हलवला.

डिक्की उघडी आहे मोटारसायकलची. रिकामी.

रुपेश तानबा सातपुते. स शेवटच्या शब्दातला. र पहिल्यातला. ता बापाच्या नावातला. वेलांटी तेवढी नाही, ती कोणालाही लावता येते. तिचं सगळं नाव दीड महिन्यापासून त्याच्या हातावर आहे. मी काढलेलं.

नानाजींचा फोन काकूंच्या ओट्यावर चार्जिंगला लावलेला राह्यलाय. काकू त्याच्याजवळ बसल्यात, डाव्या हातावरून उजवा तळवा फिरवत. राख पुसतात तसा.

पहिली बस सव्वानऊला. तीही वर्ध्यापर्यंतच.